कशासाठी केलं ते लिहा

क्रांतीने ती ओळ काढली तेव्हा आपण काही बिघडवतोय असं तिला मुळीच वाटलं नव्हतं. उलट साफसफाई केल्याचं समाधान वाटलं होतं.

क्रांती जाधव इस्लामपुरात बीसीए करून सांगलीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली, त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. कंपनी म्हणजे विश्रामबागेत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि चार माणसं. नदीवरून पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांसाठी त्यांनी एक प्रोग्राम केला होता. कोणत्या शेतकऱ्याची पाण्याची पाळी कधी, ते हा प्रोग्राम ठरवायचा आणि आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा. अकरा गावांतले लोक त्या मेसेजवर विसंबून शेतात जायचे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वाळवा तालुक्यातल्या एका संस्थेचा आकाराम ऑफिसात येऊन उभा राहिला. पाणी सोडण्याचं काम त्याचं. चढ्या उन्हातून मोटारसायकलवर आल्यामुळे चेहरा धुळीने भरला होता.

"पाळ्या लावणारं कोण हाय हितं?" त्याने दारातूनच विचारलं.

ब्राह्मी चौगुले उठली. ऑफिसातलं सगळं तांत्रिक काम तीच बघायची. "मी बघते. बसा ना. काय झालं?"

"बसतो कुठलं? शेवटच्या व्हॉल्व्हवरची माणसं मला वाटंत गाठत्यात. चार दिस झालं. मेसेज येतो आठला पाळी म्हणून, आन पाणी येतंय पावणेनऊला. धाला पाळी संपली की मला व्हॉल्व्ह बंद करावा लागतोय. उसाची नवी लागण हाय त्यांची, कोंबांनी माना टाकल्यात. पयलं असं कवाच झालं न्हाई."

ब्राह्मीने गेल्या आठवड्यातले बदल उघडले. दुसऱ्याच बदलापाशी थांबली. क्रांतीने प्रोग्राममधली एक ओळ काढली होती. बाराव्या व्हॉल्व्हच्या पुढच्या शेतकऱ्यांची सकाळची पहिली पाळी चाळीस मिनिटं उशिरा धरावी, असं ती ओळ सांगत होती. का धरावी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

प्रोग्राममध्ये बदल केला की तो साठवताना सोबत चार शब्द लिहायचे असतात, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं काय केलं ते. त्याला कमिट मेसेज म्हणतात. ती ओळ चार वर्षांपूर्वी घातली गेली होती आणि तिच्या कमिट मेसेजमध्ये एकच शब्द होता: "झालं". त्याच्या आधीचा मेसेज होता "झालं का", आणि नंतरचा "आता झालं".

लिहिणारे देवदत्त आगटे. हा प्रोग्राम मुळात त्यांचाच. साताऱ्यात एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवता शिकवता त्यांनी तो एकट्याने उभा केला होता आणि आता निवृत्त झाल्यावर साताऱ्यातल्या घरूनच कंपनीचं काम करत होते. ब्राह्मीने त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अगं, मोटर सुरू केल्यावर शेवटच्या टोकाला पाणी पोचायला चाळीस मिनिटं लागतात," ते म्हणाले. "रिकामा पाइप भरायला नको का? कुणी काढली ती ओळ? काढायच्या आधी विचारायचं तरी!"

क्रांती शेजारीच उभी होती. तिच्या कानशिलांपर्यंत लाली चढली.

"कुणाला विचारायचं, हे तरी कुठे लिहिलं होतं, सर?" ब्राह्मी म्हणाली.

पलीकडून "परत घाला ती" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आकारामने क्रांतीकडे पाहिलं. "पोरी, ती पाइप बघितलीयास का कवा?"

"न्हाई ओ."

"ये की एकदा. दावतो." असं म्हणून तो निघून गेला. त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं क्रांतीला दिवसभर वाटत राहिलं.

ब्राह्मीचं माहेर सांगलीतलंच. पुण्यात सात वर्षं मोठ्या कंपनीत काढून, वडिलांच्या आजारपणानंतर ती परत आली होती. पुण्यात असं झालं नसतं, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात तिने तिथला नियम इथे लागू केला. प्रत्येक कमिट मेसेज ठरलेल्या पद्धतीने लिहायचा, इंग्रजीत. सुरुवातीला बदलाचा प्रकार, मग नेमकं काय केलं, आणि खाली दोन ओळींत कारण. एवढ्यावर ती थांबली नाही. मेसेज तपासणारा एक छोटा प्रोग्रामही तिने लिहिला. मेसेज साच्यात बसला नाही तर बदल साठवलाच जात नसे, लाल अक्षरात परत येई.

कंपनी ज्यांची, ते भरतेश मगदूम म्हणाले, "कर काय ते. परत आकाराम दारात यायला नको."

देवदत्त मात्र भडकले. "मी तीस वर्षं पोरं शिकवली. आता ही मला निबंध लिहायला लावणार?" असं त्यांनी भरतेशना फोन करून ऐकवलं. पण ते हुशार होते. दोन दिवसांत त्यांनी साच्यात बसेल आणि काहीच सांगणार नाही असा इंग्रजी मेसेज शोधून काढला, अर्थ असा: दुरुस्ती केली, दुरुस्ती करायची होती म्हणून. तपासणाऱ्या प्रोग्रामला तो चालला. रोज तोच मेसेज येऊ लागला.

ब्राह्मी चिडली. तिचं सगळं लक्ष साताऱ्याकडे लागलं, आणि त्यामुळे शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते तिला आठ दिवस दिसलंच नाही. आठ दिवस क्रांतीचा एकही बदल आला नव्हता.

"काम अडलंय का कुठे?" नवव्या दिवशी तिने विचारलं.

"न्हाई मॅडम, झालंय."

"मग पाठवलं का नाहीस?"

ब्राह्मीने क्रांतीच्या कॉम्प्युटरवर पाहिलं तर सहा कामं पुरी होऊन पडली होती. एकही साठवलेलं नव्हतं. शेजारी एक वही होती. वहीत प्रत्येक कामाचा मेसेज आधी मराठीत लिहिलेला, खाली इंग्रजी, मग तो खोडून पुन्हा इंग्रजी. एका मेसेजवर तर चार वेळा काट मारली होती.

ब्राह्मीने मराठी ओळ वाचली. "मेसेजमध्ये 'उद्या' ऐवजी वार आणि तारीख घातली, कारण मेसेज एक दिवस उशिरा पोचला की लोक त्याच्या पुढचा दिवस धरतात आणि पाळी चुकते."

"हे किती छान लिहिलंयस," ती म्हणाली. "मग अडलं कुठे?"

"ह्याचं इंग्रजी नीट होईना." क्रांतीने वहीतल्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "एकदा चाळीस मिनिटांचं झालं. आता इंग्रजीबी चुकलं तर सगळ्यांच्या म्होरं कायमचं ऱ्हाणार. पुसता येत न्हाई ना ते."

ब्राह्मीने खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसली. वही पहिल्या पानापासून वाचत गेली. सहाही कारणं तिथे होती, स्पष्ट, एका वाचनात कळणारी. आणि तिच्या नियमाने ती सगळी वहीत कोंडून ठेवली होती. साताऱ्याचे सर नियमाला चकवत होते आणि ही पोरगी नियमाला भिऊन मुकी झाली होती. असल्या नियमाचं काय करायचं?

तिने त्याच दुपारी तपासणारा प्रोग्राम नव्याने लिहायला घेतला. नियम राहिला, पण मराठीत. पहिल्या ओळीत काय बदललं ते. खाली, कशासाठी बदललं. शेवटी, कुणी सांगितलं त्याचं नाव. हे शेवटचं पुण्यात नव्हतं. ते क्रांतीने सुचवलं.

"नाव असलं की त्या माणसाला जाऊन विचारता तरी येतं," ती म्हणाली.

भरतेशना शंका होती. "उद्या बाहेरचा कोणी कामाला आला तर?"

"आधी आपल्याला एकमेकांचं कळू दे," ब्राह्मी म्हणाली. "त्याचं त्या वेळी बघू."

क्रांतीची सहा कामं त्या संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत एकापाठोपाठ एक साठवली गेली. लाल अक्षरं एकदाही आली नाहीत.

साताऱ्याहून मात्र त्यानंतर काहीच येईना. तिसऱ्या दिवशी देवदत्तांच्या पत्नीचा, क्षमाताईंचा फोन आला. देवदत्तांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता आणि तातडीने ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात हवा भरली होती. ती जागेवर राहावी म्हणून दहा दिवस डोकं खाली घालून पडून राहायचं, आणि महिनाभर स्क्रीनकडे बघायचं नाही.

"त्यांना काही होत नाही, मलाच वेड लागायची वेळ आलीय," क्षमाताई म्हणाल्या. "दिवसभर जमिनीशी बोलत असतात."

आता पंचाईत अशी, की मार्चपासून तीन नव्या संस्था जोडायच्या होत्या, आणि प्रोग्रामच्या जुन्या भागाला हात लावायला कुणाची छाती होईना. न जाणो, आणखी कुठली ओळ काढावी आणि कुठल्या गावचं पाणी तुटावं. जुने चारशे बारा बदल देवदत्तांचे होते. त्यातल्या तीनशेवर मेसेजमध्ये "झालं", "परत" किंवा "बघितलं" याच्यापलीकडे काही नव्हतं.

शनिवारी ब्राह्मी आणि क्रांती एसटीने साताऱ्याला गेल्या. क्रांती यायला तयार नव्हती. "सर मला ओरडतील," असं ती कराडपर्यंत म्हणत होती.

देवदत्त पलंगावर पालथे झोपले होते. डोकं कडेच्या बाहेर काढून दोन उशांवर टेकवलेलं, आणि खाली स्टुलावर चहाचा कप, त्यात नळी. त्यांना पाहुण्यांचे फक्त पाय दिसत होते.

"ही ब्राह्मी," ते म्हणाले. "आणि दुसरी कोण?"

"क्रांती, सर."

"बस."

ब्राह्मीने लॅपटॉप उघडला. "सर, मी एकेक बदल वाचते. तुम्ही फक्त सांगायचं, तो कशासाठी केला होता. क्रांती लिहून घेईल. जुना मेसेज आता बदलता येत नाही, पण त्याला जोडून नवी नोंद ठेवता येते."

"म्हणजे शेवटी निबंध लिहून घेणारच तू माझ्याकडून."

"तुम्ही सांगा. लिहायचं आम्ही."

पहिले काही बदल त्यांनी कुरकुरत सांगितले. मग त्यांना रंग चढत गेला. ब्राह्मी नुसती तारीख आणि बदललेल्या दोन ओळी वाचायची आणि जमिनीकडे तोंड करून ते बोलू लागायचे. हा बदल एका गावात सोमवारी बाजार असतो, माणसं पाळीला येत नाहीत, म्हणून. तो बदल दोन भावांची एकच पाळी, पण बोलणं बंद, तेव्हा मेसेज दोघांना वेगळा जावा म्हणून. इथे नावात 'आबा' दोनदा आला की प्रोग्राम अडायचा. तिथे एक म्हातारबुवा मेसेज वाचू शकत नव्हते, म्हणून त्यांच्यापुरता फोन वाजवायची सोय केली. क्रांती भराभर लिहीत होती. मधेच तिला हसू आवरेना, तेव्हा देवदत्तही उशीत तोंड खुपसून हसले आणि क्षमाताई आतून ओरडल्या, "डोकं हलवू नका!"

दुपारी चाळीस मिनिटांच्या त्या बदलाची पाळी आली. ब्राह्मीने तारीख वाचली आणि थांबली.

देवदत्त म्हणाले, "क्रांती, त्या वेळी मी स्वतः हातात घड्याळ घेऊन पाइपच्या कडेने चालत गेलो होतो. आकारामनं मोटर सुरू केली आणि मी शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत चाललो. मी पोचलो, त्यानंतर पाणी पोचलं. इतका आनंद झाला होता मला, आणि घरी येऊन लिहिलं काय, तर 'झालं'. पाणी पोचत नव्हतं ते तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे. तेव्हा फोनवर मी उगाच बोललो."

क्रांतीने खाली मान घालून लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, "सरांनी स्वतः चालून मोजलं."

"हं. लिही तसंच," ते म्हणाले.

चारच्या सुमारास ब्राह्मीने एक बदल वाचला. सतराव्या व्हॉल्व्हला संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात कधीच पाळी द्यायची नाही. मेसेज: "सांगितल्याप्रमाणे".

"कुणी सांगितल्याप्रमाणे, सर?"

देवदत्तांनी विचार केला. वर्ष विचारलं, महिना विचारला, आधीचा बदल वाचायला लावला. शेवटी त्यांचा आवाज बारीक झाला. "नाही आठवत. अजिबात नाही." थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "माझ्या डोक्यात सगळं आहे असं मी समजत होतो."

क्षमाताई चहा घेऊन आल्या आणि सगळ्यांनी चहा घेतला.

त्या सतराव्या व्हॉल्व्हने क्रांतीला स्वस्थ बसू दिलं नाही. नव्या वेळापत्रकात ती ओळ आडवी येत होती. ती काढली असती तर सतराव्याची पाळी संध्याकाळी गेली असती आणि दिवसा शेवटच्या टोकाला आणखी एक पाळी बसली असती. पण या वेळी तिने ती काढली नाही. मंगळवारी तिने आकारामला फोन केला. "दावतो म्हणाला होता ना पाइप? आज येते मी."

आकाराम तिला मोटारसायकलवर मागे बसवून पाइपच्या कडेकडेने घेऊन गेला. जमिनीवर काही दिसत नव्हतं, नुसती उसातून गेलेली एक मोकळी पट्टी आणि अंतराअंतरावर सिमेंटच्या चौकोनात बसवलेले व्हॉल्व्ह. ती मनात मोजत होती. सतराव्यापाशी गाडी थांबली. पलीकडे पत्र्याचं छप्पर असलेलं घर होतं आणि अंगणात एक म्हाताऱ्या बाई शेंगा निवडत बसल्या होत्या.

"ह्या आक्काताई," आकाराम म्हणाला. "सतरावरनं ह्यांचंच रान भिजतंय."

क्रांतीने सगळं सांगितलं. संध्याकाळी पाळी नको असं कुणी, कवा सांगितलं होतं का?

आक्काताईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मी सांगिटलं हुतं. चष्मेवालं एक मास्तर आलं हुतं साताऱ्यास्नं. त्यांस्नी म्हटलं, आमी जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. मालक गेल्यापास्नं रानात मी एकलीच. सांजची पाळी आली की पाण्यापशी थांबावं लागतंय, न्हाई तर बांध फुटतोय. थांबलं की जेवण ऱ्हातंय. उपाशी निजायचं. तवा ते म्हणालं, आक्का, तुमास्नी सांजची पाळी येणार न्हाई. आन खरंच आली न्हाई बघ, पाच वर्सं."

"त्यांना आता आठवत न्हाई ओ आक्का."

"इसरलं व्हय?" आक्काताई हसल्या. "मी न्हाई इसरली. रोज जेवताना याद येती त्यांची."

क्रांतीने मोबाइल काढला आणि देवदत्तांना फोन लावून तो आक्काताईंच्या कानाशी धरला. पलीकडून काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. आक्काताई मात्र दोनदा म्हणाल्या, "डोळ्याला जपा मास्तर," आणि फोन परत दिला.

"आता बी तसंच ठेवायचं का?" क्रांतीने विचारलं. "सांजची पाळी नकोच?"

"आता कशाला? गेल्या साली सून-पोरगं हितं ऱ्हायला आलं. सून श्रद्धानं हट्टानं ठिबक करून घेतलं. व्हॉल्व्ह फिरवला की पाणी आपलं आपण फिरतंय. कुणी थांबाय नको. दे की सांजची पाळी. पर मला इचारायला आलीस ते बरं केलंस."

पाच वाजले होते. आक्काताईंनी तिला तसं जाऊ दिलं नाही. श्रद्धाने गरम भाकरी टाकली, वांग्याची भाजी वाढली, आणि ऊन अंगणात असतानाच सगळे जेवायला बसले. आकारामही बसला. क्रांतीने दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राह्मी ऑफिसात आली तेव्हा क्रांती टाइप करत होती. ब्राह्मी तिच्या मागे उभी राहून वाचू लागली.

"सतराव्या व्हॉल्व्हवरची संध्याकाळची बंदी काढली.

आक्काताई एकट्या पाणी बघायच्या आणि सूर्य मावळायच्या आत जेवतात, म्हणून देवदत्त सरांनी ही बंदी घातली होती. आता रानात ठिबक आहे, पाण्यापाशी थांबावं लागत नाही. त्यांची पाळी संध्याकाळी नेली आणि दिवसा मोकळ्या झालेल्या वेळात शेवटच्या टोकाची एक पाळी बसवली. ठिबक काढलं तर बंदी परत घालावी.

सांगितलं: आक्काताई, समक्ष भेटून."

"सूर्य मावळायच्या आत जेवतात, हे ठेवू का काढू?" क्रांतीने विचारलं. "लय मोठं झालंय."

"ठेव," ब्राह्मी म्हणाली. तिच्या स्वतःच्या घरीही आजी तशीच जेवायची.

क्रांतीने बटण दाबलं आणि बदल साठवला गेला. दहा मिनिटांनी साताऱ्याहून क्षमाताईंचा फोन आला. देवदत्तांना तो मेसेज त्यांनी वाचून दाखवला होता. "ते म्हणतायत, नवे मेसेज मी रोज सकाळी वाचून दाखवायचे. आणि म्हणतायत, महिन्याभराने सांगलीला येऊन तुमच्याबरोबर बसणार. त्या तीन नव्या गावांना जायचं असेल तर त्यांना सोडून जाऊ नका."

"नाही जात," क्रांती म्हणाली, आणि नव्या गावांपैकी पहिल्या गावात पाणी कोण सोडतं, त्या माणसाचा नंबर शोधायला लागली.